वन बाय फिफ्टी

काल रात्री त्या काकांचा पुन्हा मेसेज आला, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर विसरायचं ठरवलं होतं.

दहा मिनिटांची शॉर्ट फिल्म करायची होती. बजेट तीस हजार, त्यातले बायकोला सांगितलेले पंचवीस. ("मोबाइलवर काढ की," हे तिचं मत. बरोबरच आहे, म्हणून जास्त लागतं.) एवढ्यात धड नवा कॅमेरा येत नाही, म्हणून बुधवार पेठेतल्या एका दुकानात सेकंडहँड लुमिक्स जी-सेव्हन बघायला गेलो. फोर-के आहे, माइक लावता येतो, स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते. हेडफोन लावायची सोय मात्र नाही, म्हणजे आवाज फसला हे घरी आल्यावरच कळणार. दुकानदार अठ्ठावीस म्हणाला, मी चोवीस.

"साहेब, हात पण लागलेला नाही. चार हजार क्लिक फक्त!"

कॅमेरा होता लग्नाच्या शूटिंगवाल्याचा. क्लिक म्हणजे काढलेले फोटो. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत तो जे तासन् तास व्हिडिओ काढत बसला, ते त्यात कुठेच धरलेलं नसतं. हे मी दुकानदाराला ऐकवलं, आणि जरा मोठ्यानेच. तिथेच घात झाला.

"अगदी बरोबर," मागून आवाज आला. "रिक्षाचं मीटर असतं तसं."

स्टुलावर एक काका बसले होते. अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन बाय दोन इंचाचा फोटो काढायला आलेले आणि चष्मा काढायला लावला म्हणून आधीच घुश्शात.

"फिल्म करता? कशावर?"

"एका म्हाताऱ्या माणसावर."

"मरतो का शेवटी?"

"...हो."

"सगळ्यांच्याच मरतात. आणि नोकरी?"

नोकरी आहे म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी कॅमेरा हातात घेतला. माझ्या हातातून घेतला. "आमच्याकडच्या व्हिडिओत ट्यूबलाइट लुकलुकते आणि काळे पट्टे फिरतात. ते का हो?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आठ महिने यूट्यूब बघून जमवलेलं ज्ञान घरात कोणी ऐकत नाही, आणि इथे समोर एक माणूस चष्मा पुसून ऐकायला तयार. मी सांगितलं: आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होते. फ्रेम पंचवीस ठेवा, म्हणजे सेकंदाला पंचवीस चित्रं, आणि शटर वन बाय फिफ्टी, म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, पट्टे गायब. काकांनी ते व्हिसाच्या पाकिटावर लिहून घेतलं. मग विचारलं, उन्हात काय? म्हटलं, उन्हात शटर तेच ठेवायचं आणि लेन्सला गॉगल लावायचा, त्याला एनडी फिल्टर म्हणतात. तेही लिहिलं. दुकानातला पोऱ्यासुद्धा काम सोडून ऐकत होता. मला फाळके झाल्यासारखं वाटायला लागलं. फाळक्यांनी १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. माझीही पॉलिसी आहे, पण तिच्यावर फ्लॅटचा डाउन पेमेंट केव्हाच भरून झालाय.

बरं, कॅमेऱ्याची किंमत ही नुसती सुरुवात असते हे कोणी सांगत नाही. कार्ड, जादा बॅटरी, ट्रायपॉड, माइक धरून निम्मा कॅमेरा पुन्हा विकत घ्यावा लागतो. 'कमी पैशात फिल्म बनवा' सांगणाऱ्या पोरांच्या मागे भिंतीवर दीड लाखाचे लाइट लागलेले असतात. असो.

मी पंचवीसवर आलो. दुकानदार सत्तावीसवर अडला. बायकोला फोन करावा म्हणून बाहेर पडलो. चार मिनिटं, फार तर पाच.

परत आलो तर काका नोटा मोजत होते.

"अठ्ठावीसला घेतला," ते म्हणाले. "घासाघीस कशाला? तुम्ही इतकं छान समजावलंत! रविवारी नातवाचं बारसं आहे, लेक तिकडे न्यूजर्सीत, तिला दाखवायचं. माइकपण टाकलाय बरोबर. तुमचा नंबर द्या बरं."

दुकानदार माझ्याकडे बघत नव्हता. पोऱ्या मात्र हसत होता. आणि मी नंबर दिला. का दिला, हे बायकोने दोनदा विचारलंय.

तेव्हापासून सकाळी 'शुभ सकाळ', दुपारी शंका. काल रात्री बारशाचा व्हिडिओ आला. बंद हॉल, वर ओळीने ट्यूबलाइट, आणि एक पट्टा नाही. पाळणा स्वच्छ, बायकांच्या साड्यांचे रंग जसेच्या तसे. चांगला काढलाय, उगाच खोटं कशाला बोलू. खाली मेसेज: 'वन बाय फिफ्टी!!' आणि त्याखाली दुसरा: 'पण पाळण्याचं गाणं ऐकूच येत नाही. असे का व्हावे?'

त्या माइकला स्वतःचा सेल असतो आणि बाजूला बारीकसं बटण असतं. ते मी दुकानात सांगणारच होतो, पण काका तेव्हा नोटा मोजत होते. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा त्यांना एव्हाना दिसल्या असतील.