पाण्यावर चालणाऱ्या कार्डाला महागडा कूलर कशाला?

"कस्टम वॉटर कूलिंग करणार असाल तर ग्राफिक्स कार्ड सगळ्यात महागडं, फॅक्टरी ओव्हरक्लॉक केलेलंच घ्या. साधं मॉडेल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ब्लॉक काय, कुठलाही बसतो. आणि एकदा पाणी लागलं की कार्ड मोकळं सुटतं." ही चार वाक्यं इतक्या जणांनी पुढे ढकलली आहेत की आता ती नियम म्हणूनच सांगितली जातात. (कस्टम वॉटर कूलिंग म्हणजे पंप, नळ्या आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर जोडून स्वतः उभारलेली पाण्याची व्यवस्था. ब्लॉक म्हणजे कार्डाचा मूळ कूलर काढून त्या जागी बसवायचा, आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा.) यात अर्धं सत्य एकाच ठिकाणी आहे, त्यावरही येतो.

आधी महागड्या मॉडेलचं बघू. चिप तीच असेल तर जास्तीचे पैसे जातात कशात? मुख्यतः मोठा हीटसिंक, तीन पंखे, दिवे आणि भक्कम आवरण यांत. ब्लॉक बसवताना आपण सगळ्यात आधी नेमकं हेच काढून खोक्यात ठेवतो! राहिलं फॅक्टरी ओव्हरक्लॉक, म्हणजे कंपनीनंच चिपचा वेग वाढवून देणं. ते बहुतेकदा जेमतेम काही टक्क्यांचं असतं आणि तेवढं सॉफ्टवेअरमधला स्लायडर सरकवून घरीही मिळवता येतं.

अर्धं सत्य आहे ते पॉवरच्या बाबतीत. काही बोर्डांचा व्हीआरएम (चिपला वीज पुरवणारा भाग) खरोखर दणकट असतो आणि त्यांचं बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) जास्त वॉट देतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स 4090 ची मूळ पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढण्याची मर्यादा, 450 वॉट. काही मॉडेल्सवर ती 600 पर्यंत नेता येते, काहींवर स्लायडर 450 च्या पुढे हलतच नाही. पण 600 वॉट देणाऱ्यांत एनव्हिडियाचं स्वतःचं फाउंडर्स एडिशनही होतं, आणि ते काही सगळ्यात महाग कार्ड नव्हतं. तेव्हा बघायची ती पॉवर लिमिट. किमतीवरून ती कळत नाही.

"कार्ड मोकळं सुटतं" हेही तपासून घेऊ. एनव्हिडियाची कार्डं तापमान चढेल तसा क्लॉक (चिपचा वेग) साधारण 15 मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतात. सत्तर अंशांवरचं कार्ड पाण्यामुळे पंचेचाळिसावर आलं की अशा काही पायऱ्या परत मिळतात. थंड चिपमध्ये लीकेज (फुकट झिरपणारी वीज) कमी, म्हणून थोडी वीजही वाचते. पण व्होल्टेजला वरून कुलूप आणि पॉवर लिमिट जिथल्या तिथे, मग सुटणार कुठून? हाती लागते ती दोन-चार टक्क्यांची वाढ आणि शांतता. मला विचाराल तर शांततेसाठीच हा खटाटोप करावा. उष्णता मात्र कमी होत नाही, ती फक्त जागा बदलते. मिनिटाला एक लिटर प्रवाह असेल तर 450 वॉटचं कार्ड ओलांडताना पाणी सुमारे साडेसहा अंशांनी तापतं. ती उष्णता बाहेर टाकायला रेडिएटर पुरेसा हवा. कार्डावर वाचलेले पैसे तिथे घाला.

आता "ब्लॉक कुठलाही बसतो." चौघांतलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. फुल-कव्हर ब्लॉक चिपसाठी नव्हे, बोर्डासाठी घडवलेला असतो. मेमरी, व्हीआरएम, चोक (व्हीआरएमच्या तारेच्या गुंडाळ्या), स्क्रूची भोकं, सगळं त्या एका पीसीबीच्या (सर्किट बोर्डाच्या) मापानं. आरटीएक्स 3080 आणि 3090 च्या वेळी अनेकांनी फाउंडर्स एडिशन म्हणजेच रेफरन्स बोर्ड (इतर कंपन्याही वापरतात तो एनव्हिडियाचा नमुना बोर्ड) असं धरलं. प्रत्यक्षात फाउंडर्सचा पीसीबी आखूड, एका टोकाला खाच पाडलेला. रेफरन्सचा ब्लॉक त्याला लागतच नाही. 3090 ची आणखी एक भानगड म्हणजे मेमरीच्या 24 चिपांपैकी 12 बोर्डाच्या पाठीला. पुढचा ब्लॉक कितीही चांगला असला तरी त्या तापतच राहतात, म्हणून मागच्या बाजूलाही पाण्याची सोय असलेल्या बॅकप्लेट निघाल्या. 3090 टीआयमध्ये दुप्पट क्षमतेच्या चिपा आल्या आणि सगळी मेमरी पुढे गेली. नाव जवळपास तेच, पण ब्लॉक निवडताना हिशेब वेगळा.

मी स्वतः यात आपटलोय. नाव तेच, खोकं तेच, पण कंपनीनं मधल्या काळात बोर्डाची नवी आवृत्ती काढलेली. ब्लॉक ठेवला तर एका कोपऱ्यात डुगडुगतोय. एक चोक मिलिमीटरभर उंच! नशीब, स्क्रू आवळण्याआधी लक्षात आलं, नाहीतर चिपचा कोपराच उडाला असता. तेव्हापासून आधी ब्लॉक बनवणाऱ्याची सुसंगततेची यादी उघडतो, त्यात मॉडेल आणि आवृत्ती शोधतो, ब्लॉक विक्रीला आहे ना ते बघतो, मग कार्ड. कमी खपणाऱ्या महागड्या मॉडेलचा ब्लॉक आलाच तर बरेचदा वरातीमागून घोडं. रेफरन्स बोर्डाच्या साध्या कार्डाला मात्र ब्लॉक लवकर मिळतो, आणि चार-पाच जणांचा मिळतो.

राहता राहिली कॉइल व्हाइन, म्हणजे लोडखाली चोकमधून येणारा बारीक चिरका आवाज. ती पाण्यानं जात नाही, उलट पंखे गप्प झाले की जास्तच ऐकू येते, आणि महागडं कार्डही त्यातून सुटलेलं नसतं. म्हणून नवं कार्ड आठवडाभर मूळ कूलरवरच पूर्ण लोडखाली चालवा, पंखे क्षणभर हळू करून कान लावा. बदलून घ्यायचं असेल तर तेव्हाच. वॉरंटीच्या अटीही त्याच आठवड्यात वाचा, कारण स्क्रूवरचं स्टिकर एकदा फाटलं की काही विक्रेते हात वर करतात.