‘ण’ आणि गुणवत्ता: एका निवृत्त प्राध्यापकांना उत्तर

सर, तुम्ही ‘एक निवृत्त प्राध्यापक’ एवढीच सही केली आहे, म्हणून सर म्हणते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की आमच्या मराठी विभागात पीएच.डी.च्या मुलाखती, मार्गदर्शकाने सांगायची कामं, शोधनिबंधावरची नावं हे सगळं लेखी ठरवून व्हावं, आणि सगळ्या थरांतली मुलं विभागात यावीत, टिकावीत. त्यावर तुम्ही म्हणता: नियमांनी माणूस सुधारत नाही, गाइडच्या घरी राबूनच आमची पिढी घडली, आणि विविधतेच्या मागे लागलं की गुणवत्ता जाते. शेवटी लिहिलंय, ‘त्या मुलीत दम असता तर तिला कोणी अडवलं नसतं.’

त्या मुलीपासूनच सुरुवात करते. मागच्या वेळी तिच्याबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या आणि त्यातला माझा वाटा गाळला.

पीएच.डी. प्रवेशाच्या लेखी परीक्षेत ती दुसरी आली होती. विषय होता ऊसतोड करणाऱ्या बायकांची बोली. आईवडील बीडहून दर हंगामाला तोडीला जाणारे. मुलाखतीत ती सांगत होती, कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मग उचल (आगाऊ घेतलेले पैसे), कोपी (तोडीवरची झोपडी), वाढं (उसाचे हिरवे शेंडे) असा एकेक शब्द ती उलगडत गेली. पण ती ‘आनि’ म्हणत होती, ‘कोनी’ म्हणत होती. त्याआधी समितीने तिला विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘हे आडनाव कुठलं?’ दुसरा, ‘लग्न ठरलंय का?’ ती बाहेर गेल्यावर कोणीतरी म्हणालं, ‘हिला आधी ण म्हणायला शिकवावं लागेल.’ हशा झाला. मी हसले नाही, पण बोललेही नाही. गुणांचा कागद फिरत माझ्याकडे आला तेव्हा त्यावर आधीचे आकडे होते: ३० पैकी ११, १२, १२. माझ्या मनात २४ होते. मी १३ लिहिले.

एम.ए.ला आम्ही बोलीभाषांचा पेपर शिकवतो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच विभागात पेढे वाटले होते. सर, इथे गुणवत्ता कुणी घालवली? लेखी पेपर तपासताना तिचं आडनाव कुणाला माहीत नव्हतं, तिचा ‘न’ कुणाच्या कानावर पडला नव्हता, तेव्हा ती दुसरी होती.

हे एकट्या आमच्या विभागाचं नाही. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अब्दुल नाफे समितीने २०१२ ते २०१५ या वर्षांतले प्रवेशाचे गुण तपासले. लेखी आणि तोंडी गुणांतली तफावत भेदभावाकडे बोट दाखवते, असं समितीला आढळलं, आणि तोंडीचे गुण ३० वरून १५ वर आणावेत अशी शिफारस तिने २०१६ मध्ये केली. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, पीएच.डी.साठीच्या २०२२ च्या विनियमांत मात्र मुलाखतीचा भार ३० टक्केच आहे. यादी उलटीपालटी व्हायला तेवढा पुरतो.

गाइडच्या घरच्या कामांबद्दल. मीसुद्धा माझ्या गाइडच्या मुलीच्या लग्नात तीन दिवस पंगतीत वाढलंय, आणि मला त्याचं काही वाटलं नव्हतं. माझं घर पाच मिनिटांवर होतं. माझ्याबरोबरची एक मैत्रीण रोज संध्याकाळची शेवटची एस.टी. पकडून गावी जायची. ती ‘तळमळ नसलेली’ ठरली. तिची प्रकरणं महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहायची, माझी आठवड्यात वाचून मिळायची. राबून मी घडले असेन, पण तिला कशाची शिक्षा झाली? जवळ राहणाऱ्याला, मोकळ्या वेळेच्या माणसाला, रात्री आठला सरांच्या घरी जाऊ शकणाऱ्या मुलाला ही पद्धत सोयीची आहे. म्हणूनच माझ्या लेखी नीती आणि विविधता हे दोन वेगळे विषय नाहीत. जिथे सगळं ओळखीवर आणि मर्जीवर चालतं, तिथे ज्याची ओळख नाही तो आपोआप बाहेर पडतो.

नियमांबद्दल तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे २०१८ चे विनियम बघा. दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. झालं काय, तर १० हा आकडा गाठायचं लक्ष्यच होऊन बसला. शब्द फिरवून ९ वर आणलेले प्रबंध मी वाचलेत. इंग्रजीतून किंवा हिंदीतून अनुवाद करून उचललेलं प्रकरण सॉफ्टवेअरपेक्षा वाचणाऱ्या गाइडलाच आधी कळतं. कॉलेज-विद्यापीठांतला भेदभाव रोखण्यासाठी यूजीसीचे समतेचे विनियम तर २०१२ पासून आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी व्हावी म्हणून २०१९ मध्ये रोहित वेमुला आणि पायल तडवी या, जातिभेदाच्या आरोपांच्या पार्श्वभूमीवर आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांच्या आयांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं.

पण म्हणून मी नियम सोडा म्हणणार नाही. विभागाच्या खोलीत पाळता येतील असे छोटे नियम करा, एवढंच मागते. आमच्याकडे गेल्या फेरीपासून प्रत्येक परीक्षक आपले गुण वेगळ्या कागदावर, चर्चेच्या आधी लिहून सही करतो, आणि खाली एका ओळीत कारण देतो. आडनाव, लग्न, घरचे काय करतात हे प्रश्न बंद. सगळ्यांना विचारायचे पाच प्रश्न आधी ठरलेले. एवढ्याने कुणाचं मन बदललं की नाही हे मी सांगू शकत नाही. मात्र ‘उच्चार अशुद्ध’ हे कारण सहीनिशी लिहायला कुणाचा हात धजला नाही, हे मी पाहिलं. तो कागद त्या दिवशी असता तर माझे २४ हे २४ च राहिले असते.

त्या मुलीत दम होता, सर. सध्या ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. नवीन पद्धत सुरू झाल्यावर मी तिला पत्र लिहिलं, १३ गुणांचं सगळं सांगितलं आणि पुन्हा अर्ज कर म्हणाले. अजून उत्तर आलेलं नाही.