आधुनिक चित्रे आमच्या डोळ्यांना परकी नाहीत

मुंबईला चित्रप्रदर्शन पाहायला जातो असे सांगितले, की आमच्याकडे पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "त्यातलं काही समजते का तुम्हाले, सर?" विचारणाऱ्याच्या सुरात थोडी थट्टा असते आणि थोडा संकोचही असतो, कारण आपल्याला तिथले काहीच कळणार नाही, असे त्याने आधीच मान्य करून टाकलेले असते. गंमत म्हणजे शहरातल्या दालनांत वावरणाऱ्या अनेकांचेही आमच्याविषयी हेच मत असते. माझे मत नेमके उलटे आहे. खेड्यातल्या माणसाची नजर अमूर्त चित्रासाठी, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता नुसत्या रंग-आकारांतून उभ्या राहणाऱ्या चित्रासाठी, पुरेशी तयार असते. त्याला अडवते ते चित्राच्या भोवतीचे वातावरण.

मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेताना वस्तुचित्रातला गडू गडूसारखाच दिसला पाहिजे, असा आमचा आग्रह असतो. पण त्याच परीक्षेत संकल्पचित्राचाही विषय आहे. त्यात मुले वर्तुळाचे किंवा चौकोनाचे तुकडे पाडतात, वक्र रेषा एकमेकींत गुंतवतात, उष्ण रंगाशेजारी थंड रंग भरतात. त्या आकृतीचा अर्थ काय, असे आजवर एकाही पालकाने मला विचारलेले नाही. रंग कुठे उठून दिसतो आणि कुठे मार खातो, एवढेच ते पाहतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. तेच पालक मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहिले, की मात्र गप्प होतात. मग गोंधळ रंग-आकारांमुळे होतो, असे कसे म्हणायचे?

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची चित्रे हे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. त्यांचा जन्म १९२४ साली नागपूरचा. नागपूरशी त्यांचे नाते जवळजवळ जन्मापुरतेच राहिले, तरी आम्ही हक्क सांगतोच. रंगाचे थर एकावर एक चढवायचे, रोलर फिरवायचा, पॅलेट नाइफने रंग खरवडायचा, कागदाचे कपटे ओल्या रंगावर दाबून उचलायचे आणि असे करत खालचा थर वरच्या थरातून डोकावू द्यायचा, अशी त्यांची कामाची रीत होती. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकच दिले नाही. अशा एका करड्या-पांढऱ्या चित्रासमोर मी बराच वेळ उभा होतो. पहिल्यांदा ते रिकामेच वाटले. मग एक पांढरा दुसऱ्यापासून वेगळा होऊ लागला आणि मला आमचे कापूस उत्पादक आठवले. पहिल्या वेच्याचा कापूस, पावसात भिजलेला कापूस, फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या झाडांचा कापूस आणि खराब बोंडातली कवडी, हे सगळे पांढरेच. पण आमचा शेतकरी दुरून पाहून प्रत सांगतो, कारण त्यावर त्याचा भाव ठरतो. ज्याची नजर पांढऱ्यातला एवढा फरक ओळखते, त्याला गायतोंडे अवघड जातील, हे मला पटत नाही. त्याला फक्त तेवढा वेळ तिथे निर्धास्तपणे उभे राहता आले पाहिजे.

नेमके तेच होत नाही. दालनात शिरताच थंड हवा अंगावर येते, कोणी मोठ्याने बोलत नाही, भिंतीवरचा मजकूर बारीक अक्षरांत आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असतो. एका ठिकाणी माझ्यासोबत आलेल्या नातेवाइकाने पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवल्या. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. पण तिथल्या कर्मचाऱ्याला वाटले. काही चित्रांशेजारी लाल ठिपके लावले होते. चित्र विकले गेल्याची ती खूण आहे, असे सांगितल्यावर नातेवाइकाने उरलेला सगळा वेळ ठिपके मोजण्यात घालवला. त्यालाही दोष देता येत नाही. २०१५ साली गायतोंडे यांचे एक चित्र लिलावात २९ कोटींहून अधिक किमतीला गेल्याची बातमी ज्याने वाचली, तो चित्रापेक्षा आकडाच पाहतो.

ठिपक्यावरून चित्रकार सय्यद हैदर रझा आठवणारच. मध्य प्रदेशातल्या मंडला भागातल्या खेड्यात शिकत असताना या चंचल मुलाचे मन एकाग्र व्हावे म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. त्यातून पुढे त्यांच्या चित्रांतला 'बिंदू' आला, असे ते सांगत. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी आधी नागपुरात घेतले, मग मुंबईत. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या आधुनिक चित्रकारांच्या गटाच्या सहा संस्थापकांपैकी ते एक, आणि दुसरे हरी अंबादास गाडे, जन्म तळेगाव दशासर, म्हणजे आमच्याच तालुक्यातले! घरे आणि डोंगर यांचे रंगीत ठोकळ्यांत रूपांतर करणारा हा चित्रकार आमच्या शेजारचा आहे, हे मला वर्गात सांगावे लागते. तळेगावचा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, मात्र सगळ्यांना ठाऊक असतो.

सगळेच आधुनिक काम मला आवडते असे नाही. सुबोध गुप्ता यांच्या चकचकीत स्टीलच्या भांड्यांच्या रचना पहिल्या नजरेत दिपवतात. दुसऱ्या नजरेसाठी त्यांत मला फारसे काही उरत नाही. याउलट दिल्लीत २०१५ साली पाहिलेली मृणालिनी मुखर्जी यांची शिल्पे अजून डोक्यातून जात नाहीत. रंगवलेल्या वाखाच्या दोराला हाताने गाठी मारत त्यांनी माणसाएवढ्या आणि त्याहून उंच आकृती उभ्या केल्या, ज्या धड झाडही नाहीत आणि धड देवताही नाहीत. ते प्रदर्शन सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच त्या गेल्या. अंबाडीचा वाख काढून दोर वळणारी म्हातारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. ती गाठ कशी बसवली असेल, यावर ती मला न सुचणारे प्रश्न विचारतील, याची मला खात्री आहे.

म्हणून प्रदर्शने इकडे यावीत, असे मी म्हणतो. हे अशक्य नाही. चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन मुंबईबाहेर, महाराष्ट्रातल्या इतर शहरांत नेले होते. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या दालनात प्रदर्शने भरतात. पण तिथून पुढे तालुक्यापर्यंत काही पोचत नाही. मूळ चित्रांचा विमा आणि सुरक्षा परवडत नसेल, तर रेखाटने आणि छापचित्रे आणावीत. मजकूर मराठीत आणि ठळक अक्षरांत लिहावा, बोलण्याची आवड असलेला माणूस दालनात नेमावा आणि किमतीची यादी नजरेआड ठेवावी. वेचणीचा हंगाम टाळावा. शिवाय दालन सकाळी अकराला न उघडता नऊला उघडावे, कारण संध्याकाळी एसटी चुकली तर आमच्या गावाला दुसरी गाडी नाही.