परिचारिकेचे ‘लायसन्स’ आणि मद्यपान करून वाहन चालवणे : खुलासा
मुंबईतील परिचारिकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे : ‘नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडलात, तर नर्सिंगचे लायसन्स त्याच दिवशी रद्द.’ हे खरे नाही. येथे दोन वेगळ्या परवान्यांची गल्लत झाली आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि आरटीओ निलंबित करते तो वाहन चालवण्याचा परवाना. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. वाहतूक हवालदाराने श्वासचाचणीची नळी पुढे केली म्हणून नोंदवहीतले नाव खोडले जात नाही, त्यासाठी परिषदेची स्वतंत्र चौकशी आणि संबंधित परिचारिकेला आपली बाजू मांडण्याची संधी आवश्यक असते. संदेशाचा सूर अमेरिकी वाटतो. कॅलिफोर्नियात अशी दोषसिद्धी नर्सिंग मंडळाच्या कारवाईचे कारण खरोखरच ठरू शकते, पण तिथेही परवाना आपोआप जात नाही. अनेकदा तो अटींसह देखरेखीखाली ठेवला जातो. मात्र प्रत्यक्ष ड्युटीवर मद्यपान केलेले आढळणे ही बाब निराळी आणि कितीतरी गंभीर आहे.