जहाज कुठलं, हे सगळ्यात शेवटी बघा

"अगं, पण खोलीला खिडकीच नाही?"

अलास्का क्रूझचं बुकिंग झाल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या आईचं हे पहिलं वाक्य. दुसरं, "समोरच्या काकू गेल्या होत्या, त्यांना बाल्कनी होती." तिसऱ्या वाक्याची वाट न बघता मी फोन बाबांकडे द्यायला सांगितला.

उन्हाळा जवळ आला की इथे सिअ‍ॅटलमधल्या निम्म्या मराठी घरांत भारतातून आई-बाबा येतात आणि मला मेसेज सुरू होतात. "सगळ्यांना घेऊन अलास्काला जायचंय, परवडेल असं कुठलं जहाज घेऊ?" गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सात जण जाऊन आलो. ठाण्याहून माझे आई-बाबा, नाशिकहून सासूबाई, आम्ही दोघं, अकरा वर्षांची लेक आणि चार वर्षांचा धाकटा. त्यामुळे मी आता एक्स्पर्ट, असा लोकांचा समज आहे. मी एक्स्पर्ट नाही, पण मत आहे, आणि ते प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आलाय म्हणून इथे एकदाच लिहिते.

जहाज सगळ्यात शेवटी निवडा. आधी नकाशा उघडा आणि दिवसाउजेडी आपण कुठल्या पाण्यातून जाणार ते बघा. घसरगुंड्या, कॅसिनो, रात्रीचे शो हे कॅरिबियनच्या जहाजांवरही आहे आणि तिकडे स्वस्त आहे. अलास्काचे पैसे मोजायचे ते डोंगर आणि बर्फासाठी. मग ते नीट दिसणार कुठून आणि किती वेळ, एवढंच विचारायचं. नवंकोरं जहाज घेतलं आणि हिमनदीच्या नावाखाली लांबून पांढरा ठिपका बघून आले, अशी दोन घरं माझ्या ओळखीची आहेत.

पहिला प्रश्न बंदराचा, सिअ‍ॅटल की कॅनडातलं व्हँकुव्हर. आम्ही सिअ‍ॅटलचे, घरून बंदरापर्यंत टॅक्सी, सात विमान तिकिटं वाचली, म्हणून डोळे मिटून सिअ‍ॅटल घेतलं. पण सिअ‍ॅटलची बरीचशी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हरहून सुटणारी सहसा बेट आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या, शांत पाण्यातून जातात आणि पहिल्या दिवसापासून दोन्ही बाजूंना जंगल दिसतं. आमच्या पहिल्या दिवशी काय दिसलं? पाणी. सासूबाईंना तर तेही दिसलं नाही, त्या आलेपाकाची वडी तोंडात धरून आडव्या होत्या. घरात कुणाला घाटात गाडी लागत असेल तर व्हँकुव्हरचा खर्च आधी मांडून बघा. ही चूक माझी, आणि ती मला अजून ऐकवली जाते.

दुसरा प्रश्न ग्लेशिअर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी. हा कार्यक्रमपत्रिकेत आहे का, एवढं एकच बघून मी बाकी सगळ्याशी तडजोड करायला तयार होते. हे राष्ट्रीय उद्यान आहे, दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत सोडतात, त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या जहाजांना तो मिळत नाही. ज्यांना मिळत नाही ती एंडिकॉट आर्म नावाच्या खाडीत किंवा हबार्ड ग्लेशिअरकडे जातात. तीही सुंदरच, पण अरुंद खाडीत बर्फ जास्त तरंगत असला तर कॅप्टन अर्ध्यातून जहाज वळवतो. ग्लेशिअर बेमध्ये जहाज बंदराला लागत नाही, उतरायचं नाही, जवळजवळ आख्खा दिवस फक्त आत जाणं आणि बाहेर येणं. गुडघेदुखीवाल्या माणसांसाठी यापेक्षा सोयीचं काय असणार?

सकाळी छोट्या बोटीतून उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात आणि दिवसभर माइकवर माहिती सांगतात. 1794 साली जॉर्ज व्हँकुव्हर या दर्यावर्दीचे खलाशी इथे आले तेव्हा ही खाडी नव्हतीच म्हणे, बर्फाच्या भिंतीत जेमतेम 5 मैलांची खाच होती. 1916 पर्यंत बर्फ 60 मैल मागे गेला. बाबा वही घेऊनच बसले होते. त्यांनी हिशेब लावला, "म्हणजे महादजी शिंदे वानवडीला गेले त्या वर्षी आपण आत्ता बसलोय तिथे नुसता बर्फ होता." त्यांचा चहा तोवर थंड झाला होता. ही खाडी मुळात त्लिंगिट आदिवासींची. त्याआधी बर्फ पुढे सरकला तेव्हा त्यांना गावं सोडावी लागली, हे ऐकून आई म्हणाली, "धरणग्रस्तच की."

मार्जरी ग्लेशिअरसमोर जहाज थांबलं. मैलभर रुंद, पाण्यावर सुमारे 250 फूट उंच, निळसर. आणि आता बाल्कनीचं ऐका. तिथे कॅप्टन जहाज जागच्या जागी हळूहळू फिरवतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. बाल्कनीतल्या माणसाला आपल्या वाट्याचा तुकडा दिसतो, डेकवरच्या माणसाला सगळं. आम्ही पांघरुणं गुंडाळून डेकवर होतो. सासूबाईंना वारा सोसत नाही, त्या वरच्या मजल्यावर समोरून काच असलेल्या हॉलमध्ये सकाळी सातलाच जागा धरून बसल्या, शेजारी दोन खुर्च्यांवर शाली टाकून, जशी लग्नात पहिली रांग धरतात. बर्फाचा कडा सुटताना आमच्यात पहिल्यांदा त्यांनीच पाहिला. आधी पडताना दिसतं, गडगडाट मागून येतो. त्या ओरडल्या, "दरड कोसळली गं!" कसारा घाटात उभा जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय आठवणार.

म्हणून खिडकी नसलेली खोली. अलास्कात जूनमध्ये पहाटे चारला उजाडतं आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो, मेमध्येही थोडाच कमी. चार वर्षांच्या पोराला झोपवायचं तर काळोखी खोली हे वरदान आहे. रात्री बाथरूम सापडावं म्हणून एक छोटा दिवा तेवढा घरून न्या. फक्त एक करू नका. "गॅरंटी" नावाची आणखी थोडी स्वस्त खोली मिळते, तिचा नंबर कंपनी ठरवते. मी वाचवायला गेले आणि आई-बाबा पाचव्या मजल्यावर पुढच्या टोकाला, आम्ही नवव्या मजल्यावर मागच्या टोकाला. सात दिवस धाकटा आजीकडे जायचं म्हणून त्या लांबलचक बोळातून पळत होता आणि मी त्याच्या मागे. थोडे पैसे जास्त गेले तरी मधल्या भागातल्या, लिफ्टजवळच्या, समोरासमोरच्या खोल्या स्वतः निवडा. माणसाला बोळात चालवणं बाल्कनी नसण्यापेक्षा वाईट.

मे महिना का? कारण भाडं उतरलेलं असतं आणि त्या भागात वसंतात पाऊस कमी, सप्टेंबर-ऑक्टोबरला सगळ्यात जास्त. लेकीची आठवडाभर शाळा बुडाली. तिच्या बाईंना मी हिमनद्यांचं कारण सांगितलं, जे खरंच होतं.

जाहिरातीतल्या आकड्यावर मात्र जाऊ नका. त्यावर कर, बंदराचं शुल्क आणि रोजची टिप असते. टिप बहुतेक कंपन्या दिवसाला माणशी 16 ते 20 डॉलरच्या घरात लावतात. सात माणसं, सात रात्री, आमचे आठशेच्या वर तिथेच गेले. चार वर्षांच्या पोराचीही टिप, ज्याने सात दिवस पास्ता आणि आइस्क्रीमशिवाय काही खाल्लं नाही. वाय-फाय घेतलं नाही, बंदरात उतरल्यावर फोन चालतो. जहाजावरचा डॉक्टर वेगळे पैसे घेतो, तेव्हा आई-बाबांचा विमा जहाजावर आणि कॅनडात चालतो का ते आधी लिहून घ्या, फोनवरच्या "हो हो"वर विसंबू नका.

बंदरातल्या सहलींबद्दल माझं मत कडक आहे. सगळ्यांसाठी काही घ्यायचं नाही. जुनोला बस धरून मेंडेनहॉल ग्लेशिअर पाहिला. (जुनो राज्याची राजधानी, पण तिथे बाहेरून एकही रस्ता जात नाही, जहाजाने या किंवा विमानाने.) केचिकनला मोठ्या कौतुकाने सांगतात की इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या आसपास पडतो, त्यामुळे आमच्याकडे कुणी फारसं दबलं नाही. व्हेल बघायच्या बोटीचे पैसे वाचवले आणि व्हेल डेकवरूनच दिसला, पण तो नशिबाचा भाग, मी हमी देत नाही.

अपवाद एकच, स्कॅगवेची रेल्वे. 1898 साली, सोनं शोधायला लोकांची झुंबड उडाली तेव्हा बांधायला घेतलेली, तीन फुटी अरुंद रूळ, 20 मैलांत जवळजवळ 3,000 फूट चढते. तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वर, सात जणांचं करणं शक्य नव्हतं. दोनच काढली, बाबांचं आणि लेकीचं. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेत. परत आल्यावर लेकीने मला सांगितलं की माथेरानची गाडी दोन फुटीच आहे, ती 1907 ची, आणि आजोबांनी हे डब्यातल्या सगळ्या अमेरिकनांना सांगितलं.

जहाजातून उतरताना जो पूल लावतात त्याकडे लक्ष ठेवा. तिथे भरती-ओहोटीत पंधरा-वीस फुटांचा फरक पडतो, त्यामुळे सकाळी सपाट वाटलेला पूल दुपारी चांगलाच उतरता होतो. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली तर माणूस मदतीला येतो. आई सुरुवातीला "मला काय धाड भरलीय" म्हणाली, तिसऱ्या दिवशी स्वतः फोन करून मागवली.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारी भारतीय हवं असं बुकिंगच्या वेळी आणि पहिल्या रात्री वाढप्यांच्या मुख्य माणसाला, असं दोनदा सांगा. दुसऱ्या दिवसापासून डाळ-भात मिळतो. घरचं शिजवलेलं चालत नाही, सीलबंद चालतं, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पाकिटासकट गेली. इलेक्ट्रिक किटली मात्र जहाजवाल्यांनी बॅगेतून काढून ठेवली आणि शेवटच्या दिवशी परत दिली.

राहिला व्हिसा, आणि हाच भाग लोक विसरतात. अमेरिकेत 1886 चा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्याच बंदरातून निघून, मध्ये परदेशात न थांबता, परत तिथेच प्रवासी उतरवता येत नाहीत. ही मोठी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा अशा परदेशी झेंड्यांची. म्हणून सिअ‍ॅटलहून निघालेलं प्रत्येक जहाज कॅनडात कुठेतरी टेकतं, बहुधा शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला. म्हणून भारतीय पासपोर्टवाल्या सगळ्यांना कॅनडाचा व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर नको, आम्ही अजून रांगेत आहोत, त्यामुळे मुलं सोडून पाच जण. माणशी 100 कॅनडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे 85. आई-बाबांनी ठसे भारतातूनच द्यावेत, इथे येऊन धावपळ करू नये. अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, तेही त्याच दिवशी बघून घ्या.

व्हिक्टोरियाला जहाज लागलं तेव्हा चांगलीच रात्र झाली होती. पाऊस होता. धाकटा झोपला होता, सासूबाई बॅग भरत होत्या, आई म्हणाली आता काय बघायचं अंधारात. बाबांनी स्वेटर चढवला, टोपी घातली आणि पासपोर्ट खिशात टाकला.

"185 डॉलर भरलेत," ते म्हणाले, "पाय तरी लावून येतो."

वीस मिनिटांत परत आले. धक्क्यावरच्या दिव्याखाली काढलेला त्यांचा फोटो मी खाली टाकलाय. मागे जे धूसर दिसतंय तो कॅनडा.