वजनाचं ऑपरेशन झालं, पण कुठलं?

आमच्या गुहागरकडच्या वाडीच्या ग्रुपवर सध्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनवरून जुंपली आहे. वाडीतल्या एकाने मुंबईत ते करून घेतलं. काही जण म्हणतात, पैशाची मस्ती. शेतात राबला असता तर पोट सुटलंच नसतं. बाकीचे म्हणतात, साखर आटोक्यात आली, गुडघे हलके झाले, आणखी काय पाहिजे? मी या बाकीच्यांत. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर उपचार घेणाऱ्याला कुणी हिणवू नये. पण मी इथे इंग्लंडमध्ये ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका आहे, अन्ननलिकेच्या कॅन्सरची ऑपरेशनं जवळून बघते. खरा प्रश्न या भांडणात कुणी विचारतच नाही: ऑपरेशन नेमकं कुठलं केलं? पुढे कधी अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तर त्यावरच बरंच ठरतं.

कॅन्सरची अन्ननलिका काढली की बहुतेकदा जठराचीच नळी करून ती वर छातीत नेतात. जठराच्या बाहेरच्या, मोठ्या कडेने एक रक्तवाहिनी जाते, तिच्यावर ही नळी जगते. सर्जन आधी तीच शोधतात, बोटांनी ठोका चाचपतात. वजनाच्या ऑपरेशनचा एक प्रकार म्हणजे स्लीव्ह. त्यात नेमकी ही कड, जवळजवळ पाऊण जठर, आधीच काढलेली असते. मग बहुतेकदा मोठ्या किंवा लहान आतड्याचा तुकडा वापरावा लागतो. ऑपरेशन लांबतं, जोड वाढतात, जोखीमही वाढते. दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराचा छोटा भाग वेगळा करून आतड्याला जोडतात. बाजूला ठेवलेलं बाकीचं जठर मात्र आत राहतं आणि रक्तपुरवठा शाबूत असेल तर कामाला येऊ शकतं.

ही वेळ फार थोड्यांवर येते, कुणी धसका घेऊ नये. मुळात लठ्ठपणानेच अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पण स्लीव्हनंतर काहींना आम्ल वर येण्याचा त्रास सुरू होतो, आणि तो वर्षानुवर्षं राहिला तर अन्ननलिकेचं अस्तर बदलू शकतं. म्हणून वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्लीव्हनंतर वर्षभराने आणि पुढे दर 2-3 वर्षांनी एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, सुचवली आहे. आपल्याकडे जळजळ म्हणजे पित्त. सोलकढी प्या, मेडिकलमधून गोळी आणा, आणि घास अडकायला लागेपर्यंत गप्प बसा. त्यात तंबाखू, मशेरी असेल तर अन्ननलिकेला तो वेगळाच धोका.

माझ्या आतेभावाच्या वजनाच्या ऑपरेशनची फाइल मी उघडून बघितली. रक्ताचे रिपोर्ट, मेडिक्लेमची पानं, औषधांची बिलं, सगळं जपून ठेवलेलं. डिस्चार्ज कार्डावर मात्र नुसतं ‘बॅरिएट्रिक सर्जरी’, म्हणजे वजनाचं ऑपरेशन, एवढंच. उद्या त्याला परळला टाटात जावं लागलं तर तिथल्या सर्जनने यावरून काय ओळखायचं?

इथे इंग्लंडमध्ये ऑपरेशननंतर निदान 2 वर्षं त्याच विभागाने तपासण्या कराव्यात आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी व्हावी, असा दंडक आहे. इथलं सगळंच आलबेल नाही. रांगेला कंटाळून लोक तुर्कस्तानात जाऊन ऑपरेशन करून येतात आणि कागदांचा तोच घोळ होतो. एंडोस्कोपीसाठीही थांबावं लागतं. रत्नागिरी-चिपळूणला पैसे मोजले की ती लवकर होते, आणि पोहोचवायला घरचं माणूस असतं. पण तिथे पुढच्या तपासणीला बोलावणारं कुणी नाही. मुंबईचं हॉस्पिटल टाके काढून मोकळं होतं, आणि पेशंट दापोलीला की देवगडला राहतो, कुणी विचारत नाही.

म्हणून माझं मागणं सर्जनकडे आहे. स्लीव्ह ठरवण्याआधी आम्लाचा त्रास विचारा, एंडोस्कोपी करा. घरी सोडताना ऑपरेशनची पूर्ण नोंद हातात द्या: कुठलं केलं, काय काढलं, कुठल्या रक्तवाहिन्या बांधल्या. आणि ज्यांचं ऑपरेशन आधीच झालंय त्यांनी या आठवड्यात हॉस्पिटलला फोन करून ती नोंद मागून घ्यावी.