खुलासा : ‘मेमेंटो मोरी’साठी पहिला भाग पाहायची अट नाही

‘व्हिस्परिंग कॉरिडॉर्स’ (1998) हा कोरियन भयपट पाहिल्याशिवाय त्याच मालिकेतला दुसरा चित्रपट ‘मेमेंटो मोरी’ (1999) कळत नाही, असं जो तो सांगत सुटलाय. तसं काही नाही. या कोरियन मालिकेत 2021पर्यंत सहा चित्रपट आले. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पात्रं वेगळी. समान धागा एकच : मुलींची शाळा आणि तिथलं भूत.

दुसरं, ‘मेमेंटो मोरी’ हा ‘नुसता भुताचा सिनेमा’ही नव्हे. मिन-आ या विद्यार्थिनीला एक डायरी सापडते. ह्यो-शिन आणि शी-उन या शाळेतल्याच दोघींनी मिळून लिहिलेली, सजवलेली. पानं उलटताना उलगडतं ते त्यांचं प्रेम, मैत्रीच्या पलीकडचं. भूत येतं, पण (खरं सांगायचं तर) भीती वाटते ती वर्गातल्या कुजबुजीची.